आरोप आणि शिवी

गेल्या सप्टेंबरात आमच्या गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. विषयपत्रिकेवरचा सातवा विषय गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्यांच्या दुरुस्तीचा होता. दुरुस्ती होऊन गेली होती, कंत्राटदाराचे पैसे चुकते झाले होते आणि टाक्या पूर्वीइतक्याच इमानाने गळत होत्या. अशा वेळी जे व्हायचे तेच झाले. एका सभासदाने अध्यक्षांना 'हिटलर' म्हटले. दुसऱ्याने 'इथे काय आणीबाणी लागू झाली आहे?' असा सवाल टाकला. एरवी शब्द मोजून वापरणाऱ्या एका प्राध्यापक बाईंनी कार्यकारिणीचा कारभार 'सरळसरळ फॅसिस्ट' असल्याचे सांगितले. अध्यक्षांचा पक्षही मुका नव्हता. खर्चाची मूळ बिले पाहायला मागणाऱ्या एका तरुण सभासदाला त्या बाजूने 'शहरी नक्षल' ही पदवी मिळाली आणि 'असल्या देशद्रोह्यांमुळेच' असे एक वाक्य सुरू होऊन गोंधळात अर्धेच राहिले. पाऊण तासात विसाव्या शतकातला निम्मा युरोप आणि स्वतंत्र भारताचा बराचसा इतिहास आमच्या वाहनतळावर येऊन गेला. टाक्यांचे पुढे काय झाले ते लेखाच्या शेवटी सांगेन.

सभेत शेवटच्या रांगेत नाना बसले होते. वयाची ऐंशी ओलांडलेले हे गृहस्थ १९७५-७६ मध्ये चौदा महिने मिसाखाली येरवड्याच्या तुरुंगात होते. त्याविषयी ते आपण होऊन कधी बोलत नाहीत. सभा संपल्यावर जिना चढताना त्यांनी कठड्याला धरून दम घेतला आणि मला म्हणाले, "अहो, आणीबाणीत अशी सभा भरलीच नसती. आणि भरली असती तरी तो शब्द उच्चारायला कुणी उभं राहिलं नसतं." मग आणखी दोन पायऱ्या चढून म्हणाले, "आमचा शब्द होता हो तो. आता टाकीसाठी वापरतात."

प्रस्तुत लेख म्हणजे नानांच्या या दुसऱ्या वाक्यावरचे भाष्य आहे. त्यात राग आहे, तो लपवण्याचा प्रयत्न मी करणार नाही. आणि तो राग केवळ इतरांवर नाही. सभेत 'हिटलर' ऐकून हसणाऱ्यांत मीही होतो, आणि 'अघोषित आणीबाणी' हा शब्दप्रयोग माझ्या स्वतःच्या लेखनात किती वेळा आला आहे हे मोजायला बसलो तर मान खाली घालावी लागेल.

प्रथम माझे म्हणणे थोडक्यात मांडतो. राजकीय संज्ञा ही मुळात आरोपाची भाषा असते. आरोपाला कर्ता लागतो, कृती लागते, काळवेळ लागते आणि पुरावा लागतो. म्हणूनच आरोपाला उत्तर देता येते. तो खोटाही पाडता येतो. आरोप खोटा ठरू शकतो हेच त्याचे सामर्थ्य आहे, कारण जो खोटा पाडता येत नाही तो आरोप खरा म्हणून टिकतो. शिवीला यांतले काहीच लागत नाही. ती माणसाच्या कृतीविषयी काही सांगत नाही, त्याच्या जातकुळीविषयी सांगते. तिला उत्तर नसते; असलीच तर उलट शिवी असते. आपल्या रोजच्या वादांत आज जे चालले आहे ते आरोपाच्या शब्दांचे शिवीत रूपांतर होय. यात नुकसान ज्याला शिवी बसते त्याचे होते असे आपण समजतो. माझ्या मते खरे नुकसान ज्यांना पुढे कधीतरी तोच आरोप खरोखर करावा लागणार आहे त्यांचे होते. आणि नफा? तो बहुतेक वेळा आरोपीचाच होतो.

नानांच्या शब्दापासूनच सुरुवात करू. 'आणीबाणी' हा आपल्याकडे भावना व्यक्त करण्याचा शब्द नाही, तो एका विशिष्ट घटनेचे नाव आहे. २५ जून १९७५ च्या रात्री राज्यघटनेच्या ३५२ व्या अनुच्छेदाखाली, 'अंतर्गत अशांतता' हे कारण देऊन ती पुकारली गेली आणि २१ मार्च १९७७ रोजी उठली. मधल्या एकवीस महिन्यांत काय झाले याची मोजदाद पुढे शहा आयोगाने केली. मिसाखाली ३४,९८८ आणि भारत संरक्षण नियमांखाली ७५,८१८ माणसे पकडली गेली. वृत्तपत्रांवर छपाईपूर्व तपासणी आली. लोकसभेची मुदत वाढवण्यात आली. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल दिला की, या काळात बेकायदा अटकेविरुद्ध दाद मागण्यासाठी नागरिक न्यायालयाकडे येऊ शकत नाही. तो एक म्हणजे न्यायमूर्ती हंसराज खन्ना. आता ज्या सभेत अध्यक्षाला तोंडावर हिटलर म्हणून माणसे घरी जाऊन आमटी-भात खातात, त्या सभेला 'आणीबाणी' म्हणणे म्हणजे या एक लाखाहून अधिक माणसांचा तुरुंगवास टाकीच्या गळतीइतका स्वस्त करणे आहे.

यावर 'अघोषित आणीबाणी' हा शब्द पुढे केला जाईल. तो टाकीसाठी वापरलेला नसतो; तो वापरणारे गंभीर लोक असतात, आणि त्यांच्या चिंता मला पुष्कळदा रास्त वाटतात. तरीही या शब्दाविषयी एक अडचण आहे. १९७५ च्या आणीबाणीचे वैशिष्ट्यच हे होते की ती घोषित होती. तिला तारीख होती, अनुच्छेद होता, राष्ट्रपतींची सही होती. म्हणून ती उठवा अशी मागणी करता आली आणि १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने 'अंतर्गत अशांतता' हे कारण काढून त्याजागी 'सशस्त्र उठाव' घालता आला. रोगाचे नाव नेमके होते म्हणून औषध नेमके देता आले. जे आज घडते आहे त्याची तऱ्हा वेगळी असेल, तर त्याला वेगळे नाव द्यावे लागेल आणि आधी त्याचे वर्णन करावे लागेल: कोणत्या कायद्याखाली, कोणाला, किती दिवस जामिनाविना ठेवले, कोणती बातमी कोणाच्या दूरध्वनीनंतर उतरवली गेली. 'अघोषित आणीबाणी' म्हटले की हे कष्ट वाचतात. समोरचा अगदी शांतपणे विचारतो, 'मग तुम्ही हे बोलताय कसे?' आणि या एका प्रश्नात आपले सगळे रास्त मुद्दे वाहून जातात. प्रश्न लबाड असतो, पण त्याला दार आपणच उघडून दिलेले असते.

आणीबाणीचा काळ आणखी एक धडा देतो, तो आपण विसरलो आहोत. त्या एकवीस महिन्यांत 'फॅसिस्ट' हा शब्द सर्वांत जोरात वापरणाऱ्यांत सरकारपक्ष होता. जयप्रकाश नारायणांची चळवळ फॅसिस्ट आहे, तिच्यापासून लोकशाही वाचवण्यासाठी हे पाऊल उचलले, असे समर्थन दिले जात होते. भारतीय कम्युनिस्ट पक्ष या समर्थनात सामील होता, आणि १९७५ च्या डिसेंबरात जयप्रकाशांच्याच बिहारात, पाटण्याला, फॅसिझमविरोधी परिषद भरली. म्हणजे माणसे कोंडणारा फॅसिझमविरोधक आणि कोंडली जाणारी फॅसिस्ट, अशी वाटणी झाली होती. त्याच सुमारास विनोबांचा 'अनुशासन पर्व' हा शब्द उचलून त्याचे फलक झाले. मौन सुटल्यावर विनोबांनी खुलासा केला की अनुशासन आचार्यांचे असते, सत्ताधाऱ्यांचे असते ते शासन. पण तोवर फलक रंगवून झाले होते. वजनदार शब्द मोकळा सोडला की तो ज्याच्या हाती सत्ता आहे त्याच्या घरी पाणी भरू लागतो, हे या दोन शब्दांच्या चरित्रावरून शिकण्यासारखे आहे.

'फॅसिस्ट' हा शब्द मुळात काय होता? इटालियन भाषेत 'फाशो' म्हणजे जुडी किंवा मोळी. त्यामागे प्राचीन रोममधल्या अधिकाऱ्यांपुढे मिरवली जाणारी, कुऱ्हाड खोवलेली छड्यांची मोळी होती. मार्च १९१९ मध्ये मुसोलिनीने मिलानमध्ये आपली संघटना उभारली, १९२२ च्या ऑक्टोबरअखेर तो पंतप्रधान झाला आणि १९२६ च्या अखेरीपर्यंत इटलीत दुसरा कायदेशीर पक्ष उरला नव्हता. खाजगी सशस्त्र टोळ्या, कामगार संघटनांची कचेरी जाळणे, निवडणुकीतली मारहाण, नेत्याची व्यक्तिपूजा, एकपक्षीय राज्य असे त्याचे घटक इतिहासकारांनी सांगितले आहेत आणि त्यांच्या व्याख्येविषयी वादही आहेत. पण व्याख्येविषयी वाद असणे वेगळे आणि व्याख्येची गरजच न वाटणे वेगळे. ऑर्वेलने १९४४ मध्येच, म्हणजे हिटलर आणि मुसोलिनी दोघेही जिवंत असताना, या शब्दाचे काय झाले आहे याची तपासणी केली होती. परस्परांचे हाडवैरी असलेल्या किती गटांना हे विशेषण लावले जाते याची त्याने यादीच दिली. प्रत्यक्ष फॅसिझमशी युद्ध चालू असताना शब्दाची ही गत होती. मग आमच्या प्राध्यापक बाईंना काय दोष द्यायचा?

पण या अतिवापराने फक्त भाषा बिघडते असे कोणी समजू नये. त्याची किंमत मोजलेला एक देश आहे. १९२८ च्या सहाव्या अधिवेशनानंतर कम्युनिस्ट आंतरराष्ट्रीयने सोशल डेमॉक्रॅटांना 'सोशल फॅसिस्ट' ठरवण्याचे धोरण रुजवले. जर्मनीतल्या कम्युनिस्टांच्या रागाला कारण नव्हते असे नाही. १९२९ च्या मे महिन्यात बर्लिनमध्ये सोशल डेमॉक्रॅट पोलीसप्रमुखाच्या हाताखालच्या पोलिसांनी निदर्शकांवर गोळ्या चालवल्या आणि तीसहून अधिक माणसे मेली. हा आरोप खरा होता आणि तो त्याच्या नावानेच करायला हवा होता. पण त्या आरोपाच्या जागी शिवी आली. शेजारचा पक्ष फॅसिस्ट ठरला आणि मग खऱ्या फॅसिस्टांशी असलेले अंतर मोजण्याचे मापच हरवले. ऑगस्ट १९३१ मध्ये प्रशियातले सोशल डेमॉक्रॅट सरकार पाडण्यासाठी घेतलेल्या सार्वमतात कम्युनिस्ट आणि नाझी एकाच बाजूने उभे राहिले. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत नाझींना ३३ टक्के मते होती. सोशल डेमॉक्रॅट आणि कम्युनिस्ट यांची मिळून ३७ टक्क्यांहून किंचित अधिक. ३० जानेवारी १९३३ ला हिटलर चान्सलर झाला. ३ मार्चला कम्युनिस्ट नेता अर्न्स्ट थेलमान पकडला गेला. २३ मार्चला हिटलरला सर्वाधिकार देणारा कायदा झाला तेव्हा संसदेत त्याविरुद्ध मत देणारे सारे सोशल डेमॉक्रॅट होते, कारण कम्युनिस्ट सभासद तोवर तुरुंगात, परागंदा किंवा भूमिगत होते. अकरा वर्षांनी थेलमानला बुखेनवाल्डच्या छावणीत ठार मारले गेले.

एका शब्दामुळे हिटलर आला असे मी म्हणत नाही. इतिहास इतका स्वस्त नसतो. महामंदी होती, बेकारी होती, हिटलरला वापरून घेऊ असे समजणारे उच्चभ्रू राजकारणी होते. पण 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण पोरांना सांगतो ती खोटे बोलू नये म्हणून. तिचा आणखी एक अर्थ आहे. त्या गोष्टीतल्या गावकऱ्यांच्या हातात काठ्या होत्या, पाय धड होते, लांडगाही खराच होता. फक्त लांडग्यासाठी जो शब्द होता तो खर्चून संपला होता. १९३५ मध्ये कम्युनिस्ट आंतरराष्ट्रीयने 'सोशल फॅसिस्ट'चे धोरण सोडून संयुक्त आघाडीचा पुकारा केला, तेव्हा जर्मनीत आघाडी करायला बाहेर फारसे कोणी उरले नव्हते.

आता दुसऱ्या बाजूच्या शब्दांकडे वळतो, आणि येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. 'दोन्ही बाजू सारख्याच' असे म्हणून तटस्थपणाची शाल पांघरण्याची मला इच्छा नाही. 'फॅसिस्ट' ही शिवी ज्याला बसते त्याची झोप उडते, फार तर. 'देशद्रोही' ही शिवी ज्याला बसते त्याच्या दारात पोलीस येऊ शकतात. ज्या शिवीमागे तुरुंगाची किल्ली आहे तिचा हिशेब वेगळाच ठेवावा लागतो.

मराठी माणसाला तर या शब्दाबाबत गफलत करण्याचा अधिकारच नाही. भारतीय दंडविधानात १८७० मध्ये घातलेले १२४ अ हे कलम लोकमान्य टिळकांवर १८९७ मध्ये चालले आणि १९०८ मध्ये पुन्हा चालले. दुसऱ्या वेळी सहा वर्षे मंडाले. पहिल्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्युरीला समजावले की 'डिसअफेक्शन' म्हणजे अफेक्शनचा, प्रीतीचा अभाव. म्हणजे सरकारवर प्रेम नसणे हाही गुन्हा! या गुन्ह्याला आपल्या भाषेत नेमका शब्द होता: राजद्रोह. राज्यकर्त्याविषयीची अप्रीती. टिळक राजद्रोही होते हे सरकारचे म्हणणे होते. ते देशद्रोही होते असे म्हणण्याची हिंमत त्यांच्या कट्टर शत्रूलाही झाली नसती. किंबहुना देशावर प्रेम असल्यामुळे राज्याविषयी अप्रीती, हाच त्या साऱ्या पिढीचा दावा होता. राज आणि देश यांतले हे अंतर तुरुंगवास भोगून कमावलेले आहे.

ते अंतर आपण बोलण्याच्या ओघात गमावले. गेली कित्येक वर्षे मराठी बातम्यांत १२४ अ चा उल्लेख 'देशद्रोहाचे कलम' असाच सर्रास होत आला. वस्तुतः त्या कलमात देश हा शब्द मुद्द्याचा नव्हता, 'कायद्याने स्थापित सरकार' हा होता. आणि १९६२ च्या केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंसेला वा सार्वजनिक अव्यवस्थेला चिथावणी असेल तरच हे कलम लागेल अशी मर्यादाही घातली होती. ११ मे २०२२ रोजी न्यायालयाने त्याचा वापर थांबवून ठेवण्याचा आदेश दिला. १ जुलै २०२४ पासून दंडविधानाची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्यात राजद्रोह हा शब्द नाही. १५२ वे कलम देशाचे सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांविषयी आहे. राजद्रोह गेला आणि त्याजागी देशद्रोह आला, हे संसदेत मोठ्या अभिमानाने सांगितले गेले. ऐकणाऱ्या बहुतेकांना बदल जाणवलाच नाही, कारण त्यांच्या लेखी दोन्ही शब्द आधीपासून एकच होते. पण पूर्वीच्या शब्दात आरोपीला निदान इतके म्हणता येत होते की, होय, या सरकारवर माझी प्रीती नाही, पण देशाचा मी द्रोह केलेला नाही. नव्या शब्दात ही फटच बुजली आहे. कायदा बदलण्यापूर्वी तो आपल्या जिभेवर बदलून झाला होता.

'शहरी नक्षल' हा शब्द तर याहून पोकळ आहे. नक्षलबारी हे दार्जिलिंग जिल्ह्यातले गाव. १९६७ च्या उठावावरून हे नाव पडले. महाराष्ट्रात या शब्दाचा अर्थ गडचिरोलीतल्या माणसाला विचारावा. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनी, कुरखेडा तालुक्यात जांभुरखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या वाहनाचा चालक ठार झाले. खबऱ्या ठरवून मारलेले आदिवासी आणि नक्षली ठरवून छळलेले आदिवासी हे दोन्ही त्या जंगलात आहेत. तिथे हा शब्द चुकीच्या माणसाला लागला तर जीव जातो, म्हणून तिथली माणसे तो जपून वापरतात. आपण तो बिले मागणाऱ्या तरुणाला लावतो. असल्या शब्दांना आधार किती असतो याचा एक दाखला पुरेसा आहे: 'तुकडे तुकडे गँग' म्हणजे कोण, असे माहिती अधिकारात विचारले गेले तेव्हा २०२० मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने आपल्याकडे त्याविषयी माहिती नसल्याचे कळवले. ज्या टोळीची नोंद गृहखात्याकडे नाही तिचे सभासद आपल्याला मात्र नाक्यानाक्यावर दिसतात.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की हा सगळा शब्दच्छल आहे. भाषेत शब्दांचे अर्थ सैलावतातच, रूपकेही होतात. मान्य. घरातल्या आजीला पोरे 'हिटलर' म्हणतात तेव्हा कोणी नुरेंबर्गच्या खटल्याची आठवण काढत नाही, आणि मीही काढणार नाही. विनोदात शब्द हलका होतो हे सर्वांना ठाऊक असते. माझी तक्रार त्या वापराविषयी आहे जिथे शब्दाचे पूर्ण वजन हवे असते, पण त्याची किंमत द्यायची नसते. जिथे आरोपाचा धाक हवा असतो, पण पुराव्याची जबाबदारी नको असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. फॅसिझमची सगळी लक्षणे पुरी होईपर्यंत थांबायचे ठरवले तर बोलायला आपण शिल्लक राहणार नाही. म्हणून शब्द आधी, अपुऱ्या पुराव्यावरही वापरला पाहिजे. हा युक्तिवाद करणाऱ्यांविषयी मला आदर आहे. माझे उत्तर एवढेच की लवकर बोलायचे असेल तर कृतीचे नाव घ्या, ते कधीही फार लवकर होत नाही. जाकोमो मात्तेओत्ती हा इटालियन समाजवादी खासदार. फॅसिस्टांना फॅसिस्ट म्हणण्याचा हक्क त्याच्याइतका क्वचितच कोणाला असेल. ते स्वतःच त्या नावाने मिरवत होते. पण ३० मे १९२४ रोजी संसदेत उभे राहून त्याने त्या शब्दाचा गजर केला नाही. नुकत्याच झालेल्या निवडणुकीत कोठे उमेदवाराला रोखले, कोठे मारहाण झाली, कोठे मतदान कसे करवून घेतले, याचा पाढा त्याने आरडाओरड्यातून वाचून दाखवला आणि निवडणूक रद्द करण्याची मागणी केली. त्याआधी फॅसिस्ट राजवटीच्या एका वर्षाच्या अत्याचारांची नोंद करणारे पुस्तकही त्याने लिहिले होते. १० जूनला त्याला रस्त्यातून पळवून नेऊन ठार मारण्यात आले. नुसत्या शिव्या देणारे पुष्कळ होते; राजवटीला भीती वाटली ती यादीची.

आपल्याकडचे उदाहरणही आहे. डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत होत्या आणि स्वागताध्यक्ष केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण. आजारी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करा, असे दुर्गाबाईंनी त्या व्यासपीठावरून सांगितले. एका कैदेत राहून आलेल्या माणसाचे नाव आणि त्याचा आजार, इतकेच. त्याचा अर्थ न कळलेला एकही माणूस त्या मंडपात नसावा. पुढे त्यांना अटक झाली. ज्या काळात मोठे शब्द उच्चारणे धोक्याचे होते त्या काळात त्यांनी नेमका लहान शब्द निवडला आणि तो मोठ्या शब्दाहून खोल गेला.

तेव्हा लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी माझी एक साधी सूचना आहे. 'फॅसिस्ट', 'देशद्रोही', 'आणीबाणी', 'नक्षल' यांपैकी कोणताही शब्द लेखणीच्या टोकाशी आला की तो क्षणभर बाजूला ठेवावा आणि त्याच्या जागी त्या माणसाने केलेली कृती लिहून पाहावी. वाक्य उभे राहिले तर शब्द परत आणायला हरकत नाही; आता त्याला पाया आहे. वाक्य कोसळले तर समजावे की आपल्यापाशी आरोप नव्हताच, फक्त संताप होता. संतापही लिहावा, पण संताप म्हणून लिहावा.

आता टाक्यांचे. अध्यक्षांना हिटलर म्हटल्यावर ते उठले आणि आपण हिटलर कसे नाही हे त्यांनी पंचवीस मिनिटे सांगितले. आपली एकवीस वर्षांची विनामोबदला सेवा, आईच्या आजारपणातही घेतलेल्या बैठका, हे सारे सांगताना त्यांचा गळा भरून आला आणि खरे सांगायचे तर सभाही थोडी हळवी झाली. ते हिटलर नाहीत हे त्यांनी निर्विवाद सिद्ध केले. मग वेळ झाली म्हणून सातवा विषय टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. एकच कोटेशन घेऊन ते काम दिले गेले होते काय, आणि कंत्राटदार त्यांचा कोण लागतो, हे विचारायचे राहूनच गेले. बिले मागणारा तरुण तोवर उठून गेला होता.

गेल्या आठवड्यात पुढच्या सभेची नोटीस आली. मी सचिवांना लेखी प्रश्न दिला आहे आणि तो इतिवृत्तात नोंदवावा अशी विनंती केली आहे. प्रश्न एका ओळीचा आहे: 'टाक्यांच्या दुरुस्तीसाठी किती कोटेशने मागवली होती?' खाली दुसरी सही नानांची आहे.